बधिर पायांची आग



आरोग्यावरचं व्याख्यान म्हटलं की मधुमेह, रक्तदाब, गुडघे हे विषय ठरलेले. त्यांना गर्दीही होते, कारण बसलेल्यांपैकी प्रत्येकाचं त्यातलं काही ना काही दुखत असतं. मी मणक्याच्या दुखापतीचा विषय सुचवला तेव्हा परभणीच्या या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी जरा चाचरतच विचारलं, "मॅडम, याला माणसं येतील का?" प्रश्न रास्त होता. ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे ते इथवर पोचणं अवघडच. या सभागृहाला पायऱ्या आहेत आणि उतार नाही. बोलायला सुरुवात करण्याआधी एवढी तक्रार नोंदवते आणि पुढे जाते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कमरेखालचं अंग गेलेल्या माणसांना उठवणं, बसवणं, जमलं तर उभं करणं आणि चालवणं, हे माझं काम. शहरात ही दुखापत मुख्यतः रस्त्यावर होते. आपल्याकडे रस्ता आहेच, शिवाय झाड आहे, विहीर आहे, ट्रॉली आहे. शेळ्यांसाठी बाभळीचा नाहीतर लिंबाचा पाला तोडायला चढलेला पोरगा फांदीसकट खाली येतो. चिंचा झोडपताना पाय निसटतो. विहिरीला कठडा नसतो, किंवा खोदकामात यारीचा दोर तुटतो. उसानं भरलेली ट्रॉली कलंडते. कडब्याच्या गंजीवरून माणूस पाठीवर पडतो. यातले बहुतेक जण तरुण, घरात कमावणारे, आणि त्या सकाळपर्यंत अंगानं धडधाकट असतात.

पडल्यावर पहिल्या तासात काय होतं ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. चार जण धावतात, दोघे बगलेत हात घालतात, दोघे पाय धरतात आणि त्याची घडी करून जीपमध्ये नाहीतर ट्रॅक्टरमध्ये घालतात. हेतू शंभर टक्के चांगला असतो. पण मोडलेला मणका त्या उचलण्यात आणखी सरकू शकतो आणि नुसतीच दबलेली नस चिरडली जाते. तेव्हा माझ्या व्याख्यानातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या: पडलेल्या माणसाचे पाय हलत नसतील, तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवा, सगळ्यांनी मिळून एकदम कुशीवर वळवा, खाली फळी सरकवा. फळी नसेल तर दार काढा. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, तिला फोन करा आणि ती येईपर्यंत त्याला बसवून पाणी पाजू नका.

आता आत काय होतं ते थोडक्यात. मेंदूपासून कमरेपर्यंत, पाठीच्या मणक्यांच्या आतून मज्जारज्जू उतरतो. लांबी साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी तो संपतो आणि पुढे नसांचा झुपका राहतो. मणका मोडतो तेव्हा हाड मोडतं आणि आतला हा रज्जू दबतो किंवा चिरडतो. शस्त्रक्रियेत स्क्रू आणि सळया घालून हाड स्थिर करतात, दाब काढतात. रज्जू शिवत नाहीत. तो शिवता येत नाही. ही गोष्ट नातेवाइकांना कुणीतरी बसवून, शांतपणे सांगायला हवी. बऱ्याचदा ती सांगितलीच जात नाही. मग महिन्याभरानं माझ्यासमोर तोच प्रश्न येतो, "ऑपरेशन तर झालं, आता पाय कधी येतील?"

या प्रश्नाचं उत्तर एका टाचणीनं मिळतं, आणि ती टाचणी कुठे टोचायची हे ऐकून लोक चक्रावतात. पायाला नाही, तर गुदद्वाराभोवती. रज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाच्या नसा तिथे पोचतात. परभणीच्या माणसाला हे समजावायला मला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा उपयोग होतो. वर कुठेतरी कालवा फुटला तर तो पुरता फुटला की थोडा, हे टेलच्या शेतात जाऊन बघायचं. तिथे बोटभर पाणी जरी झिरपत असेल, तर मधला मार्ग पूर्ण तुटलेला नाही. तसंच इथे. तिथे स्पर्श कळला, टाचणीची टोच कळली, तर दुखापत अपूर्ण आहे आणि चालण्याची आशा खरी आहे. टोच कळणं हे नुसता स्पर्श कळण्यापेक्षाही चांगलं लक्षण. काहीच कळलं नाही, तर पुढे पायावर चालणारे थोडेच असतात. पहिले काही दिवस रज्जू धक्क्यात असतो, म्हणून ही तपासणी पुन्हा करावी लागते. सुधारणा व्हायची ती मुख्यतः पहिल्या सहा-नऊ महिन्यांत होते, पुढे वेग मंदावतो. पाच मिनिटांची ही तपासणी केस-पेपरवर लिहिलेली नसते तेव्हा मला खरोखर राग येतो, कारण त्या कुटुंबाचे पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे असतात.

इथपर्यंतचं कुठल्याही पुस्तकात मिळेल. मला आज बोलायचंय ते पुढचं. चालण्याच्या प्रश्नानं घर इतकं व्यापतं की त्या माणसाचं दुखणं कुणाच्या कानावरच पडत नाही. आणि पडलं तरी त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

कारणही उघड आहे. पायाला चिमटा काढला तर कळत नाही, मुंगळा चावला तर कळत नाही, आणि हाच माणूस रात्री दोन वाजता म्हणतो, पायांची आग आग होतेय. तळव्याखाली निखारे ठेवलेत. मांडीतून करंट जातोय. आई उठून पाय बघते. पाय थंडगार, ना सूज, ना जखम. दोन-चार रात्री ती तेल चोळते. महिन्याभरानं घरात कुजबुज सुरू होते की याच्या डोक्यावर परिणाम झालाय, किंवा याला कामाचं बोलायला नको म्हणून हे नाटक आहे. गोळ्या लिहून देणारेही कधी कधी "मनाचे खेळ" म्हणून मोकळे होतात.

हे मनाचे खेळ नाहीत. वेदना पायात होते असं आपल्याला वाटतं, पण ती जाणवते मेंदूत. तुटलेल्या जागेच्या वरच्या-खालच्या पेशींना खालून येणारे निरोप बंद होतात आणि त्या पेशी अतिसंवेदनशील होतात, आपल्या आपणच संदेश सोडत राहतात. मेंदूच्या नकाशात पाय तसाच शाबूत असतो, म्हणून ती आग तिथेच उमटते. जगभरच्या पाहण्यांत मज्जारज्जूची दुखापत झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ही नसांची वेदना आढळली आहे. दुखापतीच्या पातळीवरची वेदना, पाठीभोवती पट्टा आवळल्यासारखी, लवकर सुरू होते. खालची आग अनेकदा काही महिन्यांनी येते. म्हणजे दवाखान्यातून सुटी होऊन घरी गेल्यावर, जिथे विचारायला कुणी नसतं तिथे.

वेदनेविषयी विचारताना मी आकड्याआधी तऱ्हा विचारते. ठणका लागतो का? बसल्यावर वाढतो आणि आडवं झाल्यावर कमी होतो का? मग तो हाडाचा, स्नायूचा, सळईचा असू शकतो. आग, सणक, मुंग्या, करंट असेल, आणि बसण्या-उठण्याशी त्याचा संबंध नसेल, तर ती नसांची. दोन्हींची औषधं वेगळी. दुकानातून आणलेल्या साध्या वेदनाशामक गोळ्या नसांच्या आगीवर फारशा चालत नाहीत. माणूस त्या महिनोन्‌महिने खातो आणि किडनी मात्र धोक्यात घालतो, जी आधीच लघवीच्या त्रासानं कातावलेली असते. नसांच्या वेदनेवर प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं वापरतात. प्रीगाबालिनच्या मज्जारज्जूच्या रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांत उपयोग दिसला आहे. पण उपयोग म्हणजे काय? दहापैकी आठ असलेली आग पाच व्हावी, झोप लागावी. शून्य होईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

याच वेदनेभोवती आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे आणि तो आशेचा आहे. कुणीतरी सांगतं, आग होतेय म्हणजे नस जागी होतेय. सोसू दे, औषध देऊ नका. पोरगा महिने न् महिने दात खाऊन सोसतो. आग आणि बरं होणं असं समीकरण नाही. पाय अजिबात न हललेल्यांनाही वर्षानुवर्षं आग होते. तसंच पायाच्या झटक्यांचं. अंगावरचं पांघरूण ओढलं की गुडघा झटकन वर येतो आणि सगळी खोली ओरडते, "पाय हलवला!" तो पाय त्यानं हलवलेला नसतो. मेंदूचा लगाम सुटल्यावर रज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया उसळते, ती ही. हे सांगताना आईचा चेहरा बघणं सोपं नसतं, पण न सांगता गप्प बसणं त्याहून वाईट.

आणि शेक. बधिर पायावर तापवलेली वीट, गरम पाण्याची बाटली, बिब्ब्याचा चटका, तापल्या सळईचा डाग. ज्या कातडीला चटका कळत नाही ती भाजते, आणि खालचा रक्तपुरवठा कमकुवत असल्यानं जखम भरायला महिने लागतात. त्या काळात उभं राहणं बंद, चालणं बंद. चालण्याच्या नावानं केलेल्या उपायानं चालणंच थांबतं.

वेदना आणि चालणं हे दोन वेगळे कागद नाहीत, असं मी म्हणते ते यासाठी. औषधांचंच घ्या. प्रीगाबालिननं चक्कर येते, गुंगी येते. ज्याच्या पायाची अर्धी संवेदना गेली आहे तो वॉकर धरून उभा राहतो तेव्हा तोल डोळ्यांवर आणि हातांवर सांभाळतो. त्यात चक्कर आली की पडणारच. म्हणून डोस हळूहळू चढवायचा आणि मोठा डोस रात्री द्यायचा. दुसरं, आखडलेले स्नायू. पाय कडक होतात, दुखतात, कात्रीसारखे एकमेकांवर येतात. त्यासाठी बॅक्लोफेन देतात. पण कित्येकांच्या बाबतीत तो कडकपणाच गुडघा ताठ धरून त्यांना उभं करत असतो. औषध जास्त झालं की आखडणं जातं, त्याबरोबर उभं राहणंही जातं. इथे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी एकमेकांशी बोलायला हवं. कुणाचं ऐकायचं हे रुग्णानं ठरवायचं असेल, तर आपण दोघं कशाला आहोत?

आणखी एक गोष्ट घरच्यांसाठी. नेहमीची आग एकाएकी वाढली, झटके वाढले, तर आधी लघवी तपासा, मग पोट साफ आहे का बघा, मग माकडहाडाजवळ आणि टाचेवर लाल चट्टा आहे का बघा. जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, चिघळणारी जखम यांचा त्रास त्या माणसाला थेट कळत नाही. तो आगीच्या रूपानं कळतो. दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि अचानक डोकं फुटेल असं दुखू लागलं, घाम सुटला, तर त्याला ताबडतोब बसवा आणि लघवी तुंबली आहे का बघा. ही रक्तदाबाची जीवघेणी उसळी असू शकते. आणि चार-पाच वर्षांनी बधिरपणा वर सरकू लागला, हाताला मुंग्या आल्या, तर एमआरआय करून घ्या. रज्जूत पाण्याची पोकळी तयार होऊ शकते.

आता चालण्याकडे. मला हमखास विचारतात, पुण्या-मुंबईत रोबोट चालवतो म्हणे, तिथे नेऊ का? त्या रोबोटच्या मुळाशी असलेली, छताला पट्ट्यांनी टांगून सरकत्या पट्ट्यावर चालवायची पद्धत १९९० च्या दशकात खूप गाजली. तिच्यामागे खरं विज्ञान होतं. इंग्लंडमध्ये ग्रॅहम ब्राउन यानं १९११ मध्ये मांजरावर दाखवलं होतं की पावलं टाकण्याची लय मज्जारज्जू स्वतः निर्माण करू शकतो. मग माणसाचा रज्जूही सरावानं शिकेल, अशी कल्पना. अमेरिकेत ब्रूस डॉबकिन आणि सहकाऱ्यांनी १४६ नव्या, अपूर्ण दुखापतीच्या रुग्णांवर बारा आठवड्यांची चाचणी केली. निम्म्यांना टांगून, निम्म्यांना साध्या जमिनीवर तेवढाच वेळ चालवलं. २००६ मध्ये निकाल छापून आला, दोन्ही गटांत फरक नाही. दोन्हीकडचे बरेच जण चालू लागले. परभणीसाठी हा निकाल मी फार मोठा मानते. रोबोट नसला तरी चालेल. अंगणात कमरेच्या उंचीवर पुरलेले दोन समांतर पाइप, एक आरसा, शिकवणारं माणूस आणि रोजचा तास-दीड तास, एवढं हवं. अडचण अशी की पाइप एका दिवसात मिळतात आणि रोजचा तास मिळत नाही, कारण सोयाबीन काढणीला येतं आणि घरातलं प्रत्येक माणूस रानात असतं.

पूर्ण दुखापत असलेल्यांना कंबरेपर्यंतच्या कॅलिपरवर उभं करता येतं. हाडं, आतडी, मन, सगळ्यांना उभं राहण्याचा फायदा होतो. पण त्या कॅलिपरवर कुबड्या टाकत चालायला साध्या चालण्याच्या कितीतरी पट शक्ती लागते, आणि सगळा भार खांद्यांवर येतो. खांदा दुखू लागला की त्याचं चालणंही जातं आणि बाजेवरून खुर्चीत सरकणंही जातं. बरेच जण वर्षभरात कॅलिपर खुंटीला अडकवतात. घरचे म्हणतात, आळस केला. मी म्हणते, त्यानं हिशेब केला. आपली बाज बुटकी, मधे झोळ पडलेली. तिच्यावरून वर सरकताना खांद्याची जी हानी होते ती मापानं उंच केलेल्या लाकडी पलंगानं वाचते. सुताराचं एका दिवसाचं काम आहे.

चालणं हेच बरं होणं, ही समजूत कुठून आली मला माहीत नाही, पण या शास्त्राचा इतिहास तिच्या उलटा आहे. प्राचीन इजिप्तच्या एका वैद्यकीय पपायरसमध्ये ही दुखापत उपचार न करण्याजोगी म्हणून नोंदवली आहे, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत ते खरंच होतं. कमरेखाली लुळे झालेले बहुतेक सैनिक जखमा आणि लघवीच्या संसर्गानं दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन या जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू डॉक्टरनं मणक्याच्या दुखापतीचा विभाग उघडला. त्याचं मोठं शस्त्र काय? दर दोन तासांनी कूस बदलणं. मग लघवीची काळजी, मग काम, मग खेळ. २९ जुलै १९४८ ला त्यानं सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली; आजच्या पॅरालिंपिकचं मूळ ते. १९७२ मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडिस यानं दाखवलं की स्वच्छ हातानं, ठरावीक वेळानं स्वतःच नळी घालून लघवी काढली तर किडन्या वाचतात. नळी निर्जंतुक असलीच पाहिजे असं नाही. हे दोन साधे उपाय जितके जीव वाचवतात तितके अजून कुठल्याही यंत्रानं वाचवलेले नाहीत.

त्याच १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचं सुवर्णपदक सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी मिळवलं. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं अंग गेलं होतं. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा आला आणि सगळ्यांनी पदक पाहिलं. मला त्या गोष्टीत पदकापेक्षा पाणी महत्त्वाचं वाटतं. पोहणं त्यांच्याकडे उपचार म्हणून आलं. पाणी वजन उचलतं, आखडलेले पाय सैल करतं, वेदना घटकाभर मागे सारतं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक सोळा-सतराव्या वर्षी खुर्चीला खिळल्या, नोकरी केली, १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, 'चाकाची खुर्ची' हे पुस्तक लिहिलं. या दोघांच्या कहाण्यांत पाय परत येण्याचा प्रसंग नाही.

मात्र दोन्ही उदाहरणं देताना मी सावध असते. पेटकरांच्या मागे लष्कर होतं. लष्कराच्या जखमी जवानांसाठी पुण्यात खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, जिथे राहणं, उपचार, काम, खेळ सगळं एका आवारात मिळतं. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. लिंबावरून पडलेल्या पाथरीच्या किंवा पालमच्या मजुरामागे त्याची बायको असते. ती त्याला वळवते, धुते, उचलते, आणि तिची कंबर जाते तेव्हा ती माझ्याकडे दुसरी रुग्ण म्हणून येते. आणि पडलेली बाई असेल तर? तिला माहेरी पोचवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत, आणि त्यावर मी इथे अधिक बोलणार नाही, कारण तुम्हीही पाहिले आहेत.

एक इशारा पैशांचा. पेशी टोचून पाय परत आणून देतो असं सांगणारे लोक रुग्णांपर्यंत पोचतात. त्यासाठी एकर-दोन एकर विकलेली घरं आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मणक्याच्या दुखापतीवर मूळपेशींचा उपचार फक्त मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीतच करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेत नसतात. कुणी पैसे मागितले की उठून या. मज्जारज्जूवर विजेचे स्पंद देऊन काही जणांना पावलं टाकता आली, हे मात्र खरं संशोधन आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधक गटानं २०१८ मध्ये तीन रुग्णांचे निकाल छापले. तीन. ते काम पुढे जाईल, जावं. तोवर पोराची कूस बदला.

आता मागणी. परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथे मणक्याच्या दुखापतीसाठी चार-सहा खाटा, टणक गाद्या, समांतर दांड्या, एक फिजिओथेरपिस्ट, एक कॅलिपर बनवणारा कारागीर आणि स्वतः नळी घालायला शिकवणारी एक परिचारिका, एवढं झालं तरी रुग्णाला नांदेड किंवा संभाजीनगरला दर महिन्याला गाडी करून न्यावं लागणार नाही. गाडीत चार तास बसून आल्यावर त्याची आग तीन दिवस शमत नाही, आणि ते तीन दिवस सराव बुडतो. आणि या खाटांवरच्या प्रत्येक कागदावर, एकाच ओळीत, दोन नोंदी असाव्यात. दहा मीटर चालायला किती सेकंद लागले, किंवा किती वेळ उभा राहिला, ही एक. गेल्या आठवड्यात वेदना दहापैकी किती आणि झोप लागली का, ही दुसरी. पहिली नोंद आम्ही आजही ठेवतो. दुसरी विचारायला अर्धं मिनिट लागतं.